फळांतलं शिसं आणि ब्लँकमधलं शिसं : वाशी बाजारातल्या फळांच्या तपासणीच्या नोंदी

बाजारात विकली जाणारी सहा फळं घेतली आहेत : हापूस, केळी, पपई, अननस, चिकू, पेरू. मोजायचे क्षार म्हणजे पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त, तांबं, मँगनीज. मोजायचे जड धातू म्हणजे शिसं आणि कॅडमियम. साधनं : फ्लेम एएएस (अणुशोषण वर्णपटमापक, म्हणजे ज्योतीत नमुना फवारून धातूने शोषलेला प्रकाश मोजणारं यंत्र), ग्राफाइट फर्नेस जोडलेलं दुसरं एएएस (ज्योतीऐवजी ग्राफाइटच्या छोट्या ट्यूबमध्ये थेंब तापवणारं, म्हणून बरंच जास्त संवेदनशील) आणि ५० मिलीच्या पॉलिप्रॉपिलीन नळ्यांचा हीटिंग ब्लॉक. मायक्रोवेव्ह डायजेस्टर (बंद भांड्यात नमुना ॲसिडमध्ये विरघळवणारं यंत्र) नाही. हेच काम करू पाहणाऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांकडे बहुधा एवढंच असतं, म्हणून नोंदी सविस्तर ठेवल्या आहेत.

३ एप्रिल : आधी कागदावर

फळं आणण्याआधी मर्यादेचं गणित. फळांतल्या शिशासाठी कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) आणि युरोपीय संघ दोघांचीही मर्यादा ०.१ मिग्रॅ प्रति किलो आहे (काही बेरी सोडून). कॅडमियमला युरोपीय संघाच्या २०२३/९१५ या नियमात केळी, आंबा, पपई आणि अननस यांच्यासाठी ०.०२० मिग्रॅ प्रति किलो अशी मर्यादा आहे. पेरू आणि चिकू त्या यादीत नाहीत, ते ‘इतर फळं’ म्हणून ०.०५० मध्ये बसतात.

जुन्या प्रकल्पांत सर्रास दिसणारी पद्धत म्हणजे २ ग्रॅम गर पचवून (डायजेशन, म्हणजे ॲसिडमध्ये तापवून विरघळवणं) ५० मिली करायचा आणि फ्लेमवर शिसं मोजायचं. मर्यादेला टेकलेल्या फळात या द्रावणात शिसं किती असेल? ०.१ × २ ÷ ५० म्हणजे लिटरला ०.००४ मिग्रॅ, म्हणजेच ४ मायक्रोग्रॅम. फ्लेमवर २१७.० नॅनोमीटर तरंगलांबीला एक टक्का शोषण दिसायलाच लिटरला साधारण १०० मायक्रोग्रॅम शिसं लागतं. पंचवीस पटींची तफावत. म्हणजे या पद्धतीने फळात शिसं ‘सापडलं’ असेल, तर एकतर फळ भयंकर दूषित आहे किंवा आकडा फळाचा नाहीच. दुसरी शक्यता कितीतरी जास्त.

म्हणून ठरलं : ५ ग्रॅम गर, अंतिम आकारमान २५ मिली. क्षारांना फ्लेम, शिसं-कॅडमियमला फर्नेस.

५ एप्रिल : खरेदी

घाऊक नमुने वाशीच्या एपीएमसी फळबाजारातून, किरकोळ नमुने रस्त्यावरच्या हातगाड्यांवरून. एका नमुन्यात किमान १ किलो आणि तोही एकाच थरातून नाही. आंब्याच्या पेटीत वरच्या थरात मांडलेलं फळ आणि तळाचं फळ वेगळं असतं, हे वेगळं सांगायला नको. केळी घेताना एकाच फणीतली डझनभर न घेता लोंगराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या फण्यांतून थोडी थोडी.

मूळ ठिकाणाच्या रकान्यात ‘विक्रेत्याने सांगितलेलं’ असंच लिहायचं. जळगावची केळी, डहाणू-घोलवडचा चिकू हे बहुतेक वेळा खरं असतं, पण एप्रिलमध्ये ‘देवगड’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक आंबा देवगडचा असता तर देवगड तालुका आहे त्याच्या चौपट लागला असता. बाजारातल्या नमुन्यावरून ‘अमुक जिल्ह्याच्या मातीत इतकं कॅडमियम’ असा निष्कर्ष काढायचा नाही. तो प्रश्न असेल तर बागेत जाऊन फळ आणि माती दोन्ही आणावी लागतात.

फळं प्रत्येकी स्वतंत्र, नव्या पॉलिथिन पिशवीत. पेटीतला पेंढा आणि वर्तमानपत्राचा कागद बाजारातच काढून टाकला. स्टिकरही काढले, त्याखालच्या चिकट डागाची साल वापरायची नाही.

७ एप्रिल : धुणं आणि चिरणं

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग केले. एक भाग घरी धुतात तसा वाहत्या नळाखाली हाताने चोळून धुतला आणि शेवटी डीआय (आयन काढून शुद्ध केलेल्या) पाण्याने खंगाळला. दुसरा भाग न धुता ठेवला, कारण सालीवर काय बसलंय तेही मोजायचं आहे. न धुतलेल्या भागाची साल आधी काढायची आणि मग सुरी बदलायची. नाहीतर सालीवरची धूळ पात्याबरोबर गरात उतरते.

सुरी सिरॅमिकची. स्टीलच्या पात्यातून लोह, क्रोमियम आणि निकेल उतरतं, आणि आंबट फळात जास्त. अननसावर ताडून पाहिलं : त्याच फळाचा अर्धा भाग सिरॅमिकने कापून जाड पिशवीत हाताने चेचला, उरलेला अर्धा घरगुती मिक्सरमध्ये फिरवला. मिक्सरच्या भागात लोह ठळकपणे जास्त आलं. लोहासारखा किलोला दीड-दोन मिग्रॅ असणारा घटक मोजताना मिक्सरचं पातं हा एक घटकपदार्थच होऊन बसतो. यापुढे सगळा गर जाड पिशवीत हाताने चेचून एकजीव करायचा. अननसाचा मधला दांडा यात चेचला जात नाही; तो सिरॅमिक सुरीने बारीक चिरून मिसळावा लागतो आणि वेळ खातो.

आंब्याचा गर, साल आणि कोय यांची वजनं वेगवेगळी लिहून ठेवा. आत्ता निरुपयोगी वाटतात, पण २६ मेच्या नोंदीत त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

१० एप्रिल : वाळवण्याचा बेत रद्द

नमुना वाळवून, भुकटी करून, कोरड्या वजनावर मोजायचा असा मूळ आराखडा होता. पालेभाजीला हे छान जमतं. आंबा आणि चिकू १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये तपकिरी, चामट पोळी होऊन बशीला घट्ट चिकटले. साखर करपायला लागल्यावर जे वजन कमी होतं ते निव्वळ पाण्याचं राहत नाही, त्यामुळे ओलाव्याचा आकडाही चुकतो. ६५ अंशाला कमी करपलं, पण भुकटी होण्याऐवजी आंबापोळी झाली आणि खलात कुटता येईना. लायोफिलायझर (गोठवून वाळवणारं यंत्र) असेल तर हा प्रश्न येत नाही. नसेल तर ओल्या गरावरच काम करा. मर्यादाही ताज्या वजनावरच दिलेल्या असतात, त्यामुळे काही गमावत नाही.

ओलाव्यासाठी वेगळा छोटा नमुना ७० अंशाला निर्वात ओव्हनमध्ये ठेवला. तेवढ्यापुरतं ठीक.

१४ एप्रिल : फेस

५ ग्रॅम गरावर एकदम १० मिली संहत नायट्रिक ॲसिड ओतून नळ्या ९५ अंशाच्या ब्लॉकमध्ये ठेवल्या. काही मिनिटांत हापूस आणि चिकूच्या नळ्यांतून तपकिरी फेस वर येऊन झाकणाबाहेर वाहिला. शेजारच्या नळ्यांत शिंतोडे उडाले, म्हणून आख्खी खेप फेकली. पाव-अर्धी खेप वाचवायच्या नादाला लागू नये. शेजारच्या ब्लँकमध्ये (फळ सोडून बाकी सगळं घातलेल्या नळीत) एक थेंब पडला असेल तरी पुढचं सगळं मोजमाप संशयास्पद होतं.

साखर आणि नायट्रिकची क्रिया थंडीतच सुरू होते, तिला रात्रभर वेळ दिला की सकाळी नळी शांत असते. आता वापरात असलेला क्रम असा :

५.०० ग्रॅम गर नळीत तोलायचा. ७ मिली नायट्रिक ॲसिड (६९ टक्के) दोन-तीन हप्त्यांत घालायचं, प्रत्येक हप्त्यानंतर फेस बसू द्यायचा. झाकण सैल ठेवून रात्रभर फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). सकाळी ब्लॉक ६० अंशावर एक तास, मग ९५ वर दोन तास. गार झाल्यावर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने एकूण २ मिली. एकदम ओतलं तर पुन्हा तोच फेस. परत ९५ वर एक तास. द्रावण फिकट पिवळं किंवा बिनरंगी झालं नसेल तर आणखी १ मिली पेरॉक्साइड. शेवटी झाकण काढून २ ते ३ मिलीपर्यंत आटवायचं, पण कोरडं पडू द्यायचं नाही. तळाला चिकटलेलं शिसं-कॅडमियम परत पूर्ण विरघळेलच असं नाही. डीआय पाण्याने २५ मिली. सालीचा नमुना २ ग्रॅमच घ्यायचा, कारण पेरूच्या आणि आंब्याच्या सालीला पचायला वेळ लागतो.

तळाशी थोडा पांढरट गाळ राहिला तर तो बहुतेक सिलिका, सालीवरच्या मातीतली. गाळायचं नाही. रात्रभर बसू द्या आणि वरचं नितळ द्रावण घ्या. गाळण कागद का नको, ते पुढे.

१७ एप्रिल : फ्लेमवर शिसं, फक्त खात्री म्हणून

मुद्दाम करून पाहिलं. बॅकग्राउंड करेक्शन (धातूखेरीज इतर गोष्टींनी अडवलेला प्रकाश वजा करण्याची सोय) बंद ठेवून २१७.० नॅनोमीटरला केळ्याच्या द्रावणाने व्यवस्थित सिग्नल दिला. हिशेब मांडला तर तो मर्यादेच्या कितीतरी पट. ड्युटेरियम दिवा लावून करेक्शन सुरू करताच सिग्नल शून्याच्या आसपास गडगडला. केळ्याच्या या द्रावणात लिटरला सुमारे ७०० मिग्रॅ पोटॅशियम असतं, ज्योतीतले ते क्षार प्रकाश अडवतात आणि यंत्र त्यालाच शोषण समजतं. बॅकग्राउंड करेक्शनशिवाय काढलेला फळातल्या शिशाचा कोणताही आकडा वाचताना हे ध्यानात असू द्या.

२२ एप्रिल ते ४ मे : ब्लँक

या कामातला सगळ्यात लांब आणि कंटाळवाणा टप्पा, आणि खरं काम इथेच आहे.

फर्नेसवर पहिल्यांदा शिसं मोजलं तेव्हा गराचे नमुने आणि ब्लँक जवळपास सारखेच आले. ब्लँक म्हणजे फळ सोडून सगळं : तेवढंच ॲसिड, तेवढंच पेरॉक्साइड, तीच नळी, तोच ब्लॉक. शिवाय ब्लँक एकमेकांशीही जुळेनात. ब्लँक उंच असला आणि स्थिर असला तर वजा करता येतो. वर-खाली नाचणारा ब्लँक वजा करून काहीच हाती लागत नाही.

मग एकेक गोष्ट सुटी करून मोजली.

ॲसिड : एआर दर्जाचं (प्रयोगशाळेच्या नेहमीच्या शुद्धतेचं) नायट्रिक. सरळ पातळ करून फर्नेसमध्ये टाकलं तर थोडं शिसं दिसलं, पण सगळा ब्लँक त्यातून येत नव्हता. तरीही ट्रेस मेटल दर्जाची बाटली मागवली. ती साध्यापेक्षा कित्येक पट महाग पडते. खर्च आवरायचा तर टेफ्लॉनचं सब-बॉइलिंग (उकळू न देता वाफ करणारं) उपकरण वापरून एआर ॲसिड पुन्हा ऊर्ध्वपातित करता येतं. रात्रभरात थोडंच मिळतं, पण वर्षभर काम चालणार असेल तर वसूल होतं. महागडं ॲसिड फक्त डायजेशनला वापरा, भांडी भिजवायला एआर पुरे.

भांडी : २५ मिलीचे काचेचे फ्लास्क हे मोठे गुन्हेगार निघाले. आधी कुणीतरी शिशाचं लिटरला १००० मिग्रॅचं प्रमाण द्रावण त्यांतच पातळ करत असे. काचेला चिकटलेलं शिसं महिनोन् महिने थोडं थोडं सुटत राहतं. काच पूर्ण बंद केली. आता सगळं पॉलिप्रॉपिलीनमध्ये. डायजेशनच्या नळीवरच्या खुणेवर थेट २५ मिली, आणि खुणेची अचूकता वजनाने तपासलेली. नव्या नळ्यासुद्धा १० टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर, मग डीआयने तीनदा, मग झाकून वाळवायच्या.

गाळण कागद : साध्या कागदावर फक्त आम्लयुक्त पाणी ओतलं आणि खाली आलेल्या पाण्यात जस्त, लोह आणि कॅल्शियम मिळालं. तेव्हापासून गाळणं बंद.

हातमोजे : पावडर लावलेले लॅटेक्स मोजे. त्या पावडरीत आणि रबरातही जस्त असतं. फ्लेमवरचा जस्ताचा ब्लँक यामुळेच चढलेला होता. बिनपावडरीचे नायट्राइल घेतले. तेही घातल्यावर डीआयने धुऊन घ्यायचे, आणि बोट नळीच्या काठाला लावायचं नाही.

फ्यूम हूड : छताच्या पट्टीला गंज. नायट्रिकच्या वाफेने तो सुटतो आणि तपकिरी कण खाली पडतात. लोहाचा एखादाच ब्लँक अचानक दहापट का येतो याचं उत्तर हे होतं. पट्टी घासून इपॉक्सी रंग दिला, रंग पूर्ण सुकेपर्यंत काम बंद. ब्लॉकवर ॲक्रिलिकची टोपी बसवली.

डीआय पाणी : यंत्रातून ताजं घेतलं तर १८ मेगाओम. पण वापर होत होता पिंपातल्या पाण्याचा, आणि पिंपाचा नळ पितळी. पितळेत शिसं मिसळलेलं असतं, कारण त्याने ते कापायला सोपं जातं. प्लॅस्टिकचा नळ बसवला.

हे सगळं झाल्यावर ब्लँक खाली आले आणि एकमेकांना धरून राहिले. दहा ब्लँकचं प्रमाण विचलन शिशासाठी लिटरला ०.३ मायक्रोग्रॅमच्या आसपास. त्याच्या दहापट म्हणजे ३ मायक्रोग्रॅम, ही आपली मोजमर्यादा. फर्नेससाठी द्रावण आणखी दुप्पट पातळ करतो, म्हणून फळातली मोजमर्यादा ३ × २ × २५ ÷ ५, म्हणजे किलोला ३० मायक्रोग्रॅम किंवा ०.०३ मिग्रॅ. ०.१ च्या मर्यादेसाठी चालेल. याच्या खालच्या कुठल्याही आकड्याला ‘०.०३ पेक्षा कमी’ असंच लिहायचं, ०.०१२ वगैरे लिहायचा मोह आवरायचा.

प्रत्येक खेपेत किमान तीन ब्लँक, आणि ते ब्लॉकमध्ये विखरून, एका कोपऱ्यात नाही.

६ मे : क्षार

ब्लँक सुधारल्यावर हे झटपट उरकलं, पण तीन खाचखळगे आहेत.

पोटॅशियम इतकं जास्त असतं की मूळ द्रावण यंत्राच्या आवाक्यात येतच नाही. केळ्यात १०० ग्रॅमला ३५८ मिग्रॅ (अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यातला आकडा) धरलं तर २५ मिलीत लिटरला ७१६ मिग्रॅ होतं. ७६६.५ नॅनोमीटरला रेषा साधारण २ मिग्रॅपर्यंत सरळ. म्हणजे ५०० पट पातळ करावं लागतं, ते १० आणि ५० अशा दोन टप्प्यांत. एकाच टप्प्यात ५० मायक्रोलिटरचे २५ मिली केले तर पिपेटची चूक सगळा निकाल खाते. नमुन्यात आणि प्रमाण द्रावणात दोन्हीकडे लिटरला १००० मिग्रॅ सीझियम घालायचं, नाहीतर ज्योतीत पोटॅशियमचं आयनीभवन होऊन वक्र वर वळतो.

कॅल्शियम सगळीकडे कमी येत होतं. फळातला फॉस्फेट ज्योतीत कॅल्शियमला धरून ठेवतो. उपाय जुनाच, लँथॅनम. ११.७३ ग्रॅम लँथॅनम ऑक्साइड आधी पाण्याने ओलं करून, सावकाश हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवून १ लिटर केलं की १ टक्का लँथॅनमचं द्रावण मिळतं. ९ भाग नमुन्याला १ भाग. ते घातल्यावर कॅल्शियम चढलं. लँथॅनमच्या बाटलीतच कॅल्शियमचा अंश असतो, तेव्हा ते ब्लँकमध्येही तेवढंच घाला. आणि हे मिश्रण फर्नेसच्या नळ्यांच्या आसपास फिरकू देऊ नका. क्लोराइडमुळे शिसं अवेळी उडून जातं.

लोह, तांबं आणि जस्त यांना उलट अडचण. आंब्यात तांबं किलोला साधारण १ मिग्रॅ, म्हणजे द्रावणात लिटरला ०.२ मिग्रॅ. फ्लेमला दिसतं, पण जेमतेम. हे तिन्ही पातळ न करता मोजायचे, प्रत्येक वाचन पाच सेकंदांचं आणि तीनदा.

आकडे तक्त्यांशी ताडले. केळं आणि पेरू पोटॅशियममध्ये पुढे, अननस मँगनीजमध्ये बाकी सगळ्यांच्या खूप वर (तक्त्यात १०० ग्रॅमला ०.९ मिग्रॅच्या आसपास), आंबा बहुतेक रकान्यांत मधला-खालचा. तक्त्याशी आकडा जुळला म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही, पण पोटॅशियमच निम्मं आलं असतं तर डायजेशन किंवा पातळीकरण कुठे घसरलंय ते कळलं असतं. भारतीय फळांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते जास्त जवळचे.

१३ मे : फर्नेस

शिशासाठी २८३.३ नॅनोमीटर, कॅडमियमसाठी २२८.८. नमुना २० मायक्रोलिटर, मॉडिफायर (राख करताना धातू उडून जाऊ नये म्हणून घालायचं रसायन) ५ मायक्रोलिटर : १ टक्का अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ०.०६ टक्के मॅग्नेशियम नायट्रेट. शिशाचा कार्यक्रम : ११० आणि १३० अंशाला वाळवणं, ८५० ला राख, १६०० ला अणुभवन (धातूच्या अणूंची वाफ करणं), २४५० ला सफाई. कॅडमियमची राख ५०० ला आणि अणुभवन १५०० ला. कॅडमियमसाठी राखेचं तापमान चढवलं की ते राखेबरोबरच निघून जातं.

सुरुवातीला हापूसच्या नमुन्यात शिशाचं शिखर दुभंगलेलं आणि त्याच्यामागे बॅकग्राउंडचा मोठा फुगवटा. दोन कारणं निघाली. एक, डायजेशन अपुरं. द्रावणाला पिवळी झाक होती आणि ट्यूबमध्ये कोळसा साचत होता. पेरॉक्साइडचा आणखी एक हप्ता दिल्यावर ते थांबलं. दुसरं, वाळवण्याचा चढ फार वेगवान. थेंब उकळून ट्यूबभर उडत होता. दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा भोकावर धरून वाफ कधी आणि कशी निघते ते पाहिलं, आणि १३० अंशाचा टप्पा ४० सेकंदांचा केला.

मॉडिफायरचा फॉस्फेट साधा एआर होता, त्यातच कॅडमियमचा अंश होता. फॉस्फेट खनिजात कॅडमियम मुळातच असतं. शेतात फॉस्फेट खतांवाटे ते येतं आणि इथे बाटलीतून आलं. फर्नेस दर्जाचा मॉडिफायर घेतला.

शिशाची प्रमाण द्रावणं ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम. रोज सकाळी ताजी, नमुन्याइतक्याच आम्लात. आदल्या दिवशीचं ५ मायक्रोग्रॅमचं द्रावण दुसऱ्या दिवशी ५ चं राहत नाही. दर दहा नमुन्यांनंतर २० चं द्रावण पुन्हा मोजायचं. दहा टक्क्यांहून जास्त सरकलं तर मधले दहा पुन्हा. ट्यूब म्हातारी झाली की हे सरकणं वाढतं. ॲसिडचं प्रमाण जास्त ठेवलं तर ट्यूब लवकर म्हातारी होते, आणि या सगळ्या कामात ॲसिडखालोखाल मोठा चालू खर्च ट्यूब आणि आर्गॉनचाच आहे.

२० मे : घातलेलं परत मिळतं का

५ ग्रॅम गरात ॲसिड घालण्याआधी शिशाचं १० मिग्रॅ प्रति लिटरचं ५० मायक्रोलिटर द्रावण टाकलं. म्हणजे ०.५ मायक्रोग्रॅम शिसं, फळाच्या हिशेबात ०.१ मिग्रॅ प्रति किलो, अगदी मर्यादेवर. कॅडमियम १ मिग्रॅ प्रति लिटरचं तेवढंच, म्हणजे ०.०१ मिग्रॅ प्रति किलो.

केळं, पपई आणि पेरूत परतावा ठीक. अननस आणि हापूसमध्ये शिसं कमी परत आलं. हे डायजेशनमध्ये हरवतंय की फर्नेसमध्ये दबतंय, ते ओळखायची सोपी रीत : पचवून झालेल्या द्रावणात तेवढंच शिसं घाला आणि पुन्हा मोजा. तेही कमी आलं, म्हणजे दोष फर्नेसचा, नमुन्यातल्या क्षारांचा. त्या दोन फळांसाठी स्टँडर्ड ॲडिशन (नमुन्याच्या द्रावणातच वाढत्या मात्रेत शिसं घालून मूळ आकडा काढणं) लावलं. वेळ दुप्पट-तिप्पट लागतो, पण पर्याय नाही.

प्रमाणित संदर्भ नमुना म्हणून एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेची १५१५ क्रमांकाची सफरचंदाच्या पानांची भुकटी. शिसं ०.४७० मिग्रॅ प्रति किलो, कॅल्शियम १.५२६ टक्के. ०.५ ग्रॅम घेतली की फर्नेसमधल्या पातळ द्रावणात शिसं ४.७ मायक्रोग्रॅम येतं, मोजमर्यादेच्या थोडंसंच वर. भुकटी वापरण्याआधी तिचा ओलावा वेगळा काढून आकडा कोरड्या वजनावर न्यायचा. पान म्हणजे फळ नव्हे. त्यात फळाइतकी साखर नाही, सिलिका मात्र आहे. म्हणून संदर्भ नमुना जुळला तरी फळातला स्पाइक (मुद्दाम धातू घालून तो परत मिळतो का ते पाहणं) सोडायचा नाही.

२६ मे : साल आणि हिशेबाचा भागाकार

धुतलेल्या गरात शिसं सगळीकडे मोजमर्यादेच्या खाली. न धुतलेल्या सालीत ते दिसलं, रस्त्याकडेच्या गाडीवरच्या फळांत जास्त, आणि नुसतं चोळून धुतल्यावर बरंच उतरलं. म्हणजे ते वरून बसलेलं होतं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण तेव्हा रस्त्याकडेच्या मातीत गेलेलं शिसं कुठे जात नाही, धुळीबरोबर पुन्हा उडतं.

तांबं, जस्त आणि मँगनीज यांचं सालीतलं प्रमाण वाचताना फवारणीचा विचार करा. बोर्डो मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. सालीवर तांबं आणि कॅल्शियम एकत्र चढलेलं दिसलं तर बहुधा हेच. मँकोझेब या बुरशीनाशकात मँगनीज आणि जस्त दोन्ही आहेत. पेरू सालीसकट खातात आणि चिकूही पुष्कळजण सालीसकटच खातात, त्यामुळे या दोघांत साल वगळून दिलेला आकडा खाणाऱ्याच्या कामाचा नाही.

आता आंब्याची वजनं. कोडेक्सनुसार आंब्याची कोय काढून उरलेलं मोजायचं, पण भागायचं आख्ख्या फळाच्या वजनाने. म्हणजे साल धरली जाते आणि कोयीचं वजन छेदात राहतं. युरोपीय नियमात धुऊन वेगळा केलेला खाण्याचा भाग. नुसता हिशेब दाखवायला : २५० ग्रॅमचा आंबा, गर १६५, साल ४५, कोय ४०. गरात ०.०१ आणि सालीत ०.०८ मिग्रॅ प्रति किलो धरलं, तर कोडेक्सच्या रीतीने (१६५ × ०.०१ + ४५ × ०.०८) ÷ २५० = ०.०२१. खाण्याचा भाग धरला तर ०.०१. एकच आंबा, आकडा दुप्पट. अहवालात कोणता भाग आणि कशाने भागलं हे लिहिलेलं नसेल तर दोन अभ्यासांची तुलना करूच नये. अननसाचा शेंडा काढून मग वजन.

२ जून : कार्बाइडबद्दल

हंगामभर हाच प्रश्न विचारला जातो : तुमच्या तपासणीत कार्बाइड कळतं का? थेट नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्याला देशात बंदी आहे; इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत चालतो. कार्बाइडवर ओल लागली की ॲसिटिलीन निघतो आणि चुना मागे राहतो, औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंशही असतात.

सालीच्या धुवणात कॅल्शियम मोजून काही हाती लागतं का ते पाहिलं. लागत नाही. बोअरच्या जड पाण्याने धुतलेल्या फळावरही कॅल्शियम असतं आणि बोर्डोच्या चुन्याचंही असतं. आर्सेनिकसाठी फर्नेसऐवजी हायड्राइड जनरेशन (बोरोहायड्राइडने आर्सेनिकचा वायू करून मोजणं) लागतं. त्यात नायट्रिकचा अंश उरला तर तो बोरोहायड्राइड खातो आणि निकाल खोटा कमी येतो. शिवाय पोटॅशियम आयोडाइड आणि ॲस्कॉर्बिक ॲसिडने आर्सेनिक आधी त्रिसंयुजी करून घ्यावं लागतं. आत्ताच्या नायट्रिक द्रावणांवर ते करता येणार नाही, मॅग्नेशियम नायट्रेट घालून ४५० अंशाला राख करणारी वेगळी खेप लागेल. पावसाआधी हापूस संपला, तेव्हा हे पुढच्या हंगामावर. तोवर ‘कार्बाइडमुक्त’ असा शेरा या अहवालावर कुणाला देऊ नये.

९ जून : आवराआवर

तक्त्यात प्रत्येक धातूपुढे चार रकाने : आकडा, मोजमर्यादा, त्या खेपेतला ब्लँक, स्पाइकचा परतावा. कॅडमियम सगळ्या गरांत ०.००२ मिग्रॅ या मोजमर्यादेच्या आसपास किंवा खाली. तो आकडा ‘पेक्षा कमी’ म्हणूनच जातो. सरासरी काढताना ‘पेक्षा कमी’ला शून्य धरलं का निम्मी मोजमर्यादा धरली, तेही तळटीपेत लिहायचं. दोन्ही रीतींनी काढून दाखवणं बरं.

उरलेला चेचलेला गर उणे २० अंशाला, पिशवीवर पेन्सिलीने क्रमांक. मार्करची शाई ॲसिडच्या वाफेने पुसली जाते. ॲसिडचा टाकाऊ साठा चुनखडीने उदासीन करून लँथॅनम-सीझियमच्या टाकाऊपासून वेगळा ठेवला आहे. सिरॅमिक सुरीला अननसाच्या दांड्याने एक कपचा पडला आहे, नवी मागवावी.